पीपीटी नसली की मार्क जातात, मग करू तरी काय?

प्रश्न : ताई, मी बीएड सेकंड इयरला आहे, मेथड म्हणजे शिकवायचे विषय सायन्स आणि भूगोल. सध्या नाशकातल्याच एका शाळेत इंटर्नशिप चालूय. पाठाला पीपीटी नसली की निरीक्षणाच्या फॉर्मवर शैक्षणिक साधनांच्या रकान्यात मार्क कमी पडतात, म्हणून आम्ही सगळेच पीपीटी करतो. पण खरं सांगू का, प्रोजेक्टरसाठी अंधार केला की मागची पोरं सरळ बेंचवर डोकं टाकतात, आणि फळ्यावर आकृती काढली की तीच पोरं वहीत काढायला लागतात. मग उद्या नोकरी लागल्यावर टेक्नॉलॉजी वापरायची की नाही? आणि आठवीची पोरं निबंध सरळ एआयकडून लिहून आणतात त्याचं काय करू?
– एक भावी बाई, पंचवटी

उत्तर : अगं, तुझं भांडण पीपीटीशी आहे, टेक्नॉलॉजीशी नाही. पुस्तकातलाच पॅरा पडद्यावर टाकायचा आणि तो वाचून दाखवायचा, यात पोरांच्या हाताला काम काय? फळ्यावर तू आधी सेल काढतेस, मग तार, मग बल्ब, आणि त्याच स्पीडने त्यांची पेन्सिल चालते. त्यामुळे जे फळ्यावर होतं ते बिनधास्त फळ्यावरच कर. जे फळ्यावरही होत नाही, हातात धरूनही दाखवता येत नाही आणि पोरांना तिथे नेताही येत नाही, तेवढ्यासाठीच स्क्रीन वापरायची.

आता भूगोलाचंच घे. गोदावरी ब्रह्मगिरीला उगम पावते आणि 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, हे पोरं परीक्षेत घडाघडा लिहितात. पण गूगल अर्थ उघड आणि त्र्यंबकपासून सुरू कर, गंगापूर धरण, मग रामकुंड, इथे थांबलीस की वर्ग ओरडणारच, माझं घर दाखवा माझं घर दाखवा, दाखव एखाद्याचं, काही बिघडत नाही, मग पुढे नांदूरमधमेश्वर, तिथे कादवा येऊन मिळते आणि पाणी कसं पसरतं ते वरून दिसतं, महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ती, 2020 मध्ये जाहीर झाली, आणि मग जायकवाडी. त्यानंतर गूगलचंच टाइमलॅप्स लाव, 1984 पासूनचे सॅटेलाइट फोटो आहेत त्यात, नाशिक कसं वाढत गेलं ते बघू दे आणि गप्प बस. प्रश्न त्यांचेच येतील, शेतं कुठे गेली म्हणून.

सायन्सला मात्र उलटं. आठवीचा धाराविद्युतचा धडा असेल तर आधी खरा सेल, तार आणि टॉर्चचा बल्ब पोरांच्या हातात दे. बल्ब पेटल्यावरच लॅपटॉप उघड, कारण तारेत इलेक्ट्रॉन सरकताना काही डोळ्यांना दिसत नाहीत. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचं फेट नावाचं फुकट सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग आहेत, कार्ल वीमन या नोबेलवाल्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी 2002 मध्ये सुरू केलेलं, आणि त्यातलं बरंच मराठीतही मिळतं. त्यात बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की स्क्रीनवर आग लागते. पण क्लिक करायच्या आधी थांबायचं, "आता काय होईल, वहीत लिहा" म्हणायचं. हा एक मिनिट सोडलास तर ते पण टीव्ही बघितल्यासारखंच होतं बघ.

पोस्टिंग पेठ-सुरगाण्याकडे निघालं तर नेटचा भरवसा धरू नकोस. फेटची सिम्युलेशन्स डाउनलोड करून ऑफलाइन चालतात, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत आणि दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे व्हिडिओही आधीच उतरवून ठेवता येतात, फक्त वर्गात लावायच्या आधी पूर्ण बघ, काही अगदीच रटाळ आहेत. आणि लाईट गेली तर त्या तासाला काय घेणार ते पाठाच्या टाचणातच लिहून ठेव.

पोरांकडे मोबाइल नसतील तरी प्लिकर्स नावाचं प्रश्नोत्तरांचं ॲप चालतं. प्रत्येकाला एक छापलेलं कार्ड, उत्तर ए बी सी डी जे असेल ती बाजू वर धरायची, आणि तू तुझा फोन वर्गावरून फिरवायचा, कोणाचं काय उत्तर ते लगेच कळतं. गुळगुळीत चकचकीत लॅमिनेशन करू नकोस हं, उजेड चमकला की कॅमेरा कार्ड वाचत नाही. मागच्या बेंचवरचा जो कधीच हात वर करत नाही ना, तोही यात उत्तर देतो, मला तर हेच सगळ्यात आवडतं. आणि हे सगळं शैक्षणिक साधनच आहे की, रकान्यात लिही, का वापरलं तेही एका ओळीत लिही आणि पाठाच्या आधी गाईड मॅडमना दाखवून ठेव.

आता निबंध. 'माझा आवडता ऋतू' दिलास तर एआयच लिहिणार, पोरांना दोष देऊन उपयोग नाही. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आईबरोबर जाऊन यायला सांग, भाजीवालीशी भाव कसा केला, काय महाग वाटलं, आणि लिखाण वर्गातच, तासाला, पेनाने. मग हवं तर एआयने लिहिलेला त्याच विषयावरचा निबंध प्रिंट काढून वाटायचा आणि लाल पेन त्यांच्या हातात द्यायचं, कुठे थापा मारल्यात ते शोधा म्हणायचं. आठवीची पोरं चुका काढण्यात काय हुशार असतात तुला माहितीच असेल.