मानेसर की बंगळुरू? मेंदूविषयी वाचकांचे प्रश्न

हरियाणातील मानेसरचे मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळुरूची निम्हान्स (मेंदू व मनाच्या आजारांवर उपचार करणारी राष्ट्रीय संस्था) या एकच संस्था आहेत, असे समजून विचारलेले प्रश्न सतत येतात. म्हणून ही उत्तरे एकत्र.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ओपीडी कोणत्या वारी असते?

कोणत्याच वारी नाही. ती केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संशोधन आणि शिक्षण संस्था आहे. रुग्ण तपासले जातात ते निम्हान्समध्ये.

मुलीला मानेसरच्या केंद्रात पीएचडी करायची आहे. एजंट पैसे घेऊन जागा देतो म्हणतो.

एक रुपयाही देऊ नका. नेट-जेआरएफसारखी (संशोधन शिष्यवृत्तीची राष्ट्रीय) पात्रता परीक्षा आणि मग मुलाखत, हाच रस्ता. यंदाच्या अटी संस्थेच्या संकेतस्थळावर वाचा आणि शंका प्रवेश कार्यालयालाच विचारा.

वडिलांची जीभ अचानक जड झाली, उजवा हात लुळा पडला. तासाभरात बरे वाटले. निम्हान्सची पुढच्या महिन्यातली तारीख घेऊ का?

पुढच्या महिन्यातली नको. आजच, जवळच्या सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. आपोआप ओसरलेला झटका ही मोठ्या पक्षाघाताची सूचना असते आणि पहिल्या दोन दिवसांत धोका सर्वाधिक असतो. मोठ्या संस्थेच्या नावाखातर थांबणे हीच मला सर्वांत जास्त छळणारी चूक आहे. मोठी रक्तवाहिनी तुंबली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटीत रक्तस्राव नाही हे दिसल्यावर. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका; रक्तस्राव असेल तर ते घातक ठरते. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. बोटे सुईने टोचून रक्त काढा, हा मोबाइलवर फिरणारा सल्ला निव्वळ वेळखाऊ. तेलमालीश, लकव्याचे गावठी औषध, सगळे तसेच. तोंड वाकडे, हात खाली पडतो, बोलणे अडखळते, यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या; रक्त पातळ करणारी गोळी असेल तर उपचारच बदलतो. निम्हान्सचे मत हवेच असेल तर ते नंतर, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून.

आईला मेंदूदान करायचे आहे. फॉर्म भरला की झाले?

नाही. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांची संमती लागतेच, म्हणून घरात आधी बोला. मेंदू काही तासांतच काढावा लागतो. उशीर झाला की पेशींतील रसायने बिघडतात. एक भाग फॉर्मॅलिन या जतन करणाऱ्या द्रवात, दुसरा उणे ८० अंश सेल्सिअसवर ठेवतात. निरोगी मेंदूही तुलनेसाठी हवा असतो. निम्हान्समध्ये मेंदूपेढी आहे, म्हणजे दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपण्याची सोय. तुमच्या गावाहून वेळेत पोचवणे जमेल का, ते तिथे आत्ताच विचारा.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी ओळखतात, करून घेऊ का?

नको. अभ्यासाची अडचण असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.