समतेसाठी ६९ किलोमीटर

प्रश्न : वर्णसमतेसाठी चालण्याचा संकल्प करून निधी जमवायचा आहे. सवय नाही. कसं आखू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : २१ मार्च निवडा. १९६० मध्ये याच दिवशी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पास (कृष्णवर्णीयांना कायम जवळ ठेवावं लागणारं ओळखपत्र) बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी नोंदीत ६९ मृत्यू आहेत. त्यांच्या स्मरणार्थ १ ते २१ मार्च ६९ किलोमीटर चाला. रोज ४, आठवड्याला एक सुट्टी. ३ किलोमीटर हाताशी उरतात. सोलापूरचं ऊन लवकर चटकतं, सहालाच निघा. पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर चाललात किंवा बूट झिजलेले असले, तर नडगी धरते. मग दोन दिवस थांबाच.

किलोमीटरला १० रुपये धरले, तर देणगीदारामागे ६९० होतात. आकडा आधीच लिहून घ्या. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, स्वतःच्या नको. शंका तिथूनच सुरू होतात.