नवीन पार्टिशनला जुनंच लेबल का दिसतं?

ऐरोलीच्या सोसायटीतली १ टीबीची सीसीटीव्ही डिस्क, तिचं पूर्ण डिस्कभरचं जुनं पार्टिशन काढून टाकलं आणि त्याच जागेपासून २०० जीबीचं नवं केलं, फॉरमॅट न करता. तरीही डिस्कवरचे बाइट वाचून लेबल (पार्टिशनला दिलेलं नाव) दाखवणारी तुमची स्क्रिप्ट जुनंच लेबल दाखवते, कारण जुना सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) तिथेच आहे. पार्टिशन काढून टाकलं की फक्त पार्टिशनांचा तक्ता बदलतो, आतला डेटा जागचा हलत नाही.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमचा सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४व्या बाइटवर असतो. त्यात ५६व्या बाइटवर मॅजिक म्हणजे ओळखखूण (ईएफ५३, लिटल एंडियन, म्हणजे डिस्कवर आधी ५३, मग ईएफ), १२०व्यावर लेबल. नुसतं मॅजिक जुळलं म्हणून लेबल खरं मानू नका, दोन बाइट कुठेही जुळतात. ब्लॉकसंख्या गुणिले ब्लॉकचा आकार काढा, तोही ६४ बिटांत, नाहीतर गुणाकार ओव्हरफ्लो होऊन भलतंच उत्तर येईल. तो पार्टिशनपेक्षा मोठा निघाला तर लेबल नाकारा. इथे १ टीबी विरुद्ध २०० जीबी, म्हणजे लगेच पकडलं जाईल. मेटाडेटा चेकसम (माहिती बिघडली का ते ओळखायचा आकडा) चालू असेल तर तोही तपासा, पण इथे तो बरोबरच निघेल, सुपरब्लॉक शाबूत आहे ना!

लेबलला १६ बाइट, शेवटी शून्य असेलच असं नाही. यूटीएफ-८मध्ये देवनागरी अक्षर-चिन्हाला प्रत्येकी ३ बाइट लागतात: ‘ठाणे’ १२ बाइटांत बसतं, ‘नवी मुंबई’ नाही.

जुन्या खुणा साफ करायला वाइपएफएस ही लिनक्सची कमांड. आधी पर्यायाशिवाय चालवा, तेव्हा ती फाइलसिस्टिमच्या ओळखखुणा फक्त दाखवते.