लाइन एकच असू दे

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच उडाली. रोड रेसिंगवाले प्रो आता फिक्सीच्या, म्हणजे एकाच गिअरच्या, बिनब्रेकच्या सायकलच्या रेसला यायला लागले, मग आम्ही नोकऱ्या सांभाळून येणाऱ्यांनी नाव कशाला द्यायचं, आणि आयोजकांना पत्र लिहून त्यांना बंदी घालायला सांगू का, असं विचारतेस. नको सांगू. कुणी कागद पुढे केला तर सही पण करू नकोस. स्टार्टला प्रो आणि आपण एकत्रच उभे राहू. लाइन एकच असू दे.

आपला हा खेळ ज्या रेसमुळे उभा राहिला ना, ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली रेड हुक क्रिट (क्रिट म्हणजे छोट्या बंद रस्त्यावर लॅप मारायची रेस), 2008 ला डेव्हिड ट्रिंबलनं आपल्या वाढदिवसाला रात्री भरवली, आणि जिंकली कोण तर केसी मँडरफिल्ड, एक बाई, पुरुषांच्या घोळक्यातून! पुढे बायकांची वेगळी रेस सुरू झाली ते चांगलंच झालं, पण ती जास्त पोरी याव्यात म्हणून, कुणाला हाकलायला नाही. हा फरक नीट समजून घे. डॅन शबानोव्ह न्यूयॉर्कचा बाइक मेसेंजर, म्हणजे सायकलवरून पार्सलं पोचवणारा, तो तिथे जिंकला. नंतर 2016 ला रोड रेसिंग करणारा कॉलिन स्ट्रिकलंड जिंकला, तोच ज्यानं 2019 ला अमेरिकेतल्या कॅन्ससची 200 मैलांची ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यावरची) रेस दहा तासांच्या आत मारली. तेव्हाही लोक म्हणालेच, मेसेंजरची रेस गेली. अरे, पण ती मेसेंजरच्या नावावर लिहून कधी दिली होती?

आणि प्रो आला म्हणजे सगळं त्याच्या बाजूचं असतं असं नाही. रोडवर माणूस वळणाआधी पेडल थांबवतो, आतला पाय वर घेतो, ब्रेकवर दोन बोटं ठेवतो आणि सायकल आडवी घालतो. इथे त्यातलं काहीच नाही. ब्रेक नाही, पेडल फिरतच राहणार, जरा जास्त झुकलीस की आतलं पेडल खाली येताना डांबराला घासतं, मागचं चाक उडून बाजूला पडतं आणि त्या अर्ध्या सेकंदात पाय फिरवत राहायचं की घाबरून अडवायचं हे शरीराला आधीच माहीत असावं लागतं. गिअरही एकच. पुढे 49 दात आणि मागे 15 लावलेस तर ताशी 45 किमीला मिनिटाला पेडलच्या 110 च्या आसपास फेऱ्या, वळणातून उठताना तोच गिअर जड आणि सरळ पट्ट्यावर तोच हलका. हे प्रोलाही तेवढंच.

तरी बऱ्याचदा तोच जिंकेल, खोटं कशाला बोलू. त्याचा दम वेगळा, आठवडाभराची झोप वेगळी. पण त्याच्या चाकाला चिकटून तू दोन लॅप काढलेस ना, तर तो वळणात कुठे शिरतो, कधी उठतो, कुणाच्या आडोशाला बसतो हे तुला जे कळेल ते आपण शनिवारी आपापसात फिरून जन्मात कळणार नाही. म्हणून म्हणतो, लाइन एकच!

लोक मला म्हणतात, तुला काय, तू कधी जिंकणार नव्हतासच, मग तुला प्रोंचा पुळका सोपा. सोपा नव्हता गं. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी घरातच रोलरवर सायकल, आणि रेसला एक लॅप मागे पडून बाहेर काढलं की बायकोपोरांसमोर सायकल ढकलत यायचं. पण मी ज्यांच्या बरोबर लाइनला उभा राहिलो ते खरे होते, ते छाटून बसवलेले नव्हते, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. हळहळ एकाच गोष्टीची वाटते. 2018 नंतर रेड हुक झालीच नाही, आणि ती होती तोवर आम्ही कोण खरा फिक्सीवाला यावरच भांडत बसलो, रस्ता बंद करायचे पैसे कोण देणार हे कुणी विचारलं नाही.

तू हे भांडण पुन्हा सुरू करू नकोस. मागायचंच असेल तर आयोजकांकडे हे माग की क्वालिफाइंग (रेसआधीची पात्रता फेरी) सगळ्यांना सारखं असू दे, नाव मोठं म्हणून कुणाला पुढची रांग आयती मिळायला नको. त्या पत्रावर मी पहिली सही करीन.

नाव दे, उद्याच दे. 15 जड जात असेल तर 16 दातांचा कॉग (मागचं दातेरी चाक) माझ्याकडे आहे, घेऊन जा, फक्त चाक थोडं पुढे सरकवावं लागेल, तेव्हा चेनचा ताण परत बघून घे.