एसपींना दिलेल्या अर्जाने मुदत थांबत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचे पत्र आले आहे. १० जून २०२५ च्या रात्री ९ च्या सुमारास पोलीस त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून घेऊन गेले. १२ जूनला दुपारी सोडले. दोन रात्री मुलगा ठाण्यात होता, पट्ट्याने मारले असे तो सांगतो. गुन्हा दाखल नाही, अटक दाखवलेली नाही. सोडताना 'मुलगा सुखरूप ताब्यात मिळाला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही' असा जबाब वडिलांकडून लिहून घेतला. जुलैत वडिलांनी एसपी ऑफिसला अर्ज दिला, उत्तर आले नाही. गावातल्या पुढाऱ्याने "जरा दमाने घ्या, मी साहेबांशी बोलतो" असे सांगितले आणि हे दमाने घेत बसले. आता नोव्हेंबर निम्मा संपला आहे आणि प्रश्न आहे की पुढे काय करावे.

अशी पत्रे मला नियमित येतात. गाव बदलते, चोरीची वस्तू बदलते, पुढारी मात्र प्रत्येक पत्रात असतो. त्यामुळे अल्पवयीन मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते, हे मी इथे विस्ताराने सांगत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम १० ते स्पष्टपणे सांगते आणि पोलिसांनाही ते ठाऊक असते.

तुमच्या प्रकरणात सगळे अडले आहे ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ वर. पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल फौजदारी खटला किंवा दिवाणी दावा त्या कृत्याच्या तारखेपासून ६ महिन्यांत दाखल झाला नाही, तर कोर्टाने तो घ्यायचाच नाही, असे हे कलम म्हणते. १० जूनपासून मोजले तर १० डिसेंबर. सोडले त्या तारखेपासून मोजू नका. दोन दिवसांचा फायदा घ्यायला जाऊन वाद ओढवून घ्याल.

आणि हे नीट वाचा: ६ महिन्यांच्या आत कोर्टात दाखल व्हायला हवे. एसपींना, कलेक्टरना, पालकमंत्र्यांना दिलेल्या अर्जांनी ही मुदत थांबत नाही. तुमचा जुलैचा अर्ज तर पोहोच न घेता दिलेला आहे. म्हणजे तो दिला होता हे दाखवायलाही तुमच्याकडे कागद नाही. आवक क्रमांकाचा शिक्का मागायला दोन मिनिटे लागतात हो. तोच अर्ज आजच्या तारखेने, जुलैच्या अर्जाचा उल्लेख करून, ठाण्याला आणि एसपींना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावत्या जपून ठेवा. मॅजिस्ट्रेटकडून तपासाचा आदेश मागायचा झाल्यास त्या लागतील.

कलम १६१ तुम्हाला लागू होते का? यावर मी छातीठोक बोलणार नाही. १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र शासन विरुद्ध आत्माराम या प्रकरणात म्हटले की जबाब काढण्यासाठी मारहाण करणे आणि डांबून ठेवणे कायद्यालाच मंजूर नाही, त्यामुळे ते कर्तव्याच्या नावाखाली केलेले कृत्य ठरत नाही आणि पोलिसाला या मुदतीचे संरक्षण मिळत नाही. मारहाणीपुरता हा निकाल तुमच्या बाजूचा आहे. पण तुमची तक्रार फक्त मारहाणीची नाही. वय चुकीचे लिहिले, मंडळापुढे नेले नाही, नोंदी खोट्या केल्या, हेही तुम्ही म्हणता. त्याआधी विरूपाक्षप्पा प्रकरणात खोट्या पंचनाम्याला सुप्रीम कोर्टाने हेच संरक्षण दिले होते. नोंदींचा भाग त्या बाजूला झुकू शकतो. समोरचा वकील पहिल्याच तारखेला कलम १६१ चा अर्ज टाकेल आणि त्यावर दोन वर्षे वाद चालेल. १० डिसेंबरच्या आत दाखल केलेत तर हा वाद उरतच नाही.

मुदत चुकली तर? कलमातच एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे: राज्य शासनाची पूर्वमंजुरी असेल तर २ वर्षांपर्यंत पोलिसाविरुद्ध खटला घेता येतो. पोलिसांवर खटला भरायला गृह विभागाची मंजुरी आणायला निघालेला माणूस किती वेळा मंत्रालयाच्या रांगेत उभा राहतो, ते तुम्ही ऐकलेच असेल.

म्हणून दाखल करायची ती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ खाली. नुसता तपासाच्या आदेशाचा, कलम १७५(३) चा अर्ज देऊन थांबू नका. तो अर्ज म्हणजे 'खटला दाखल झाला' का, यावर उगाच आणखी एक वाद होईल. फिर्यादीची दाखल तारीख धरायची की कोर्टाने दखल घेतली ती, या प्रश्नावर जुन्या फौजदारी संहितेच्या मुदतीबाबत घटनापीठाने २०१३ मध्ये दाखल तारखेच्या बाजूने निर्णय दिला आहे. तोच न्याय इथे लागावा असे मला वाटते, आणि म्हणूनच फिर्याद पडताळणीला उशीर झाला तरी फाईलवर शिक्का १० तारखेच्या आतला हवा. नव्या संहितेत लोकसेवकाविरुद्धच्या फिर्यादीत आधी त्याचे म्हणणे आणि वरिष्ठांचा अहवाल मागवण्याची पायरी घातली आहे. त्यात काही महिने जातील. लोकसेवकावर खटला भरण्यासाठी शासनाच्या पूर्वमंजुरीचा वेगळा मुद्दा याच संहितेच्या कलम २१८ खाली येईल. शासनाने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे धरायचे, एवढी तरी सोय आता आहे.

दिवाणी दाव्याच्या नादी सध्या लागू नका. त्याला महिनाभर आधी नोटीस लागते आणि तुम्ही ती दिलेली नाही.

आता ज्या जबाबामुळे तुमची झोप उडाली आहे त्याबद्दल. तुम्हाला वाटते, सही केली म्हणजे हात कापून दिले. उलट आहे. ठाणे उद्या म्हणेल की हा मुलगा आमच्याकडे आलाच नव्हता. स्टेशन डायरीत नोंद नाही, अटक रजिस्टरला नाही. मग 'ताब्यात मिळाला' हा जबाब कुठून आला? मुलगा १२ जूनला दुपारी ठाण्यात होता, हे त्यांच्याच कागदावर त्यांच्याच अंमलदाराच्या हस्ताक्षरात आहे. 'तक्रार नाही' या वाक्याला कोर्ट किती वजन देईल सांगता येत नाही. आपले मूल आत असताना बापाने काय लिहून दिले याकडे कोर्ट सहसा ते दबावाखाली लिहिले असेल याच नजरेने पाहते. त्या जबाबाची नक्कल माहिती अधिकारात मागा आणि नाही मिळाली तर फिर्यादीत तो हजर करण्याचा आदेश मागा.

सीसीटीव्हीचेही तसेच. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला सांगितले की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायला हवे. कागदावर तुमचे चित्रण आज शाबूत आहे. प्रत्यक्षात कॅमेरा बंद होता, हार्ड डिस्क बिघडली, ही उत्तरे मी इतक्यांदा वाचली आहेत की पुढचे वाक्य मीच लिहून देऊ शकतो. त्याच निकालात मानवी हक्क आयोगाला चित्रण ताबडतोब मागवून सुरक्षित ठेवण्याची वाट मोकळी ठेवली आहे. म्हणून राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार याच आठवड्यात करा आणि पहिली मागणी चित्रणाची करा, नुकसानभरपाईची नंतर. आयोगाची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे, पण त्या वर्षाच्या भरवशावर बसू नका. पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. अर्ज द्या, फार आशा ठेवू नका.

वयाचा घोळ तुमचाच आहे. शाळेत जन्म फेब्रुवारी २००८ चा, आधारवर १ जानेवारी २००७. आधार काढताना कुणी तरी अंदाजाने १ जानेवारी टाकली आणि तुम्ही सतरा ठिकाणी ते कार्ड दिलेत, पण दुरुस्त केले नाहीत. पोलीस म्हणणार, आम्ही आधार पाहिले, मुलगा १८ वर्षांचा होता. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचे दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार त्या यादीत नाही. पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी घ्या. येत्या फेब्रुवारीत मुलाला १८ पूर्ण होतील म्हणून घाबरू नका. घटनेच्या दिवशीचे वय धरतात.

सरकारी दवाखान्यात न जाता खाजगी डॉक्टरकडून गोळ्या आणल्यात, त्याबद्दल आता बोलून उपयोग नाही. चिठ्ठीवर तारीख आहे ना, तेवढी जपा.

काही पत्रे याहून वाईट असतात, ज्यात मूल किंवा भाऊ परत आलेलाच नसतो. त्यांच्यासाठी थोडक्यात: कोठडीतल्या मृत्यूची चौकशी तहसीलदाराची नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्याची असते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली. मुंबईत १९९९ पर्यंत कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी, होता. बाकी महाराष्ट्राला ती सोय कधी नव्हती, त्यामुळे ही चौकशी हाच एकमेव स्वतंत्र कागद. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मरण पावलेल्या तरुणाच्या आईला जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाकडून पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळाला, तेव्हा तिच्या हातात दंडाधिकाऱ्यांचा अहवाल होता. त्याची प्रत मागत राहा.

सांगलीकरांसाठी हायकोर्ट ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसते, त्यामुळे पुढे नुकसानभरपाईची रिट करायची झाली तर मुंबई गाठावी लागणार नाही. ती नंतर. आधी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जावर वरच्या बाजूला लाल शाईने '१० डिसेंबर' लिहा, नाही तर वकील नेमून मिळेपर्यंत जानेवारी उजाडेल. आणि फिर्याद दाखल होईपर्यंत त्या पुढाऱ्याला यातले काही सांगू नका.