पारा ३४ वर, तरी अंगाची काहिली: कोकणच्या उन्हाळ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची किनारपट्टी आणि तिच्यामागचा सह्याद्रीचा पायथा यांचा उन्हाळा एकसारखा नसतो. अंदाज मात्र ‘कोकण’ या एकाच नावाने येतो. या वेळचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघाले आहेत.

‘यंदा तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता’ असं वाचलं. मे महिन्यात घरी लग्न आहे. नेमकं किती तापेल?
– वाचक, अलिबाग

या अंदाजावरून ते कळणार नाही, आणि तो त्यासाठी नसतोही. भारतीय हवामान विभाग फेब्रुवारीअखेर मार्च ते मेचा आणि मार्चअखेर एप्रिल ते जूनचा अंदाज देतो. त्यात तीन गट असतात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीच्या आसपास आणि सरासरीपेक्षा जास्त. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता ३३ टक्के धरतात. अंदाजाच्या नकाशात तुमच्या भागावर ‘सरासरीपेक्षा जास्त’चा ५५ टक्क्यांचा रंग असेल, तर तीन महिन्यांची सरासरी वरच्या गटात जाण्याची शक्यता ५५ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. त्यातली एखादी दुपार थंडही जाऊ शकते.

लग्नाच्या तारखेसाठी दोन-तीन आठवडे आधीपासून दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज बघा. शेवटच्या पाच दिवसांत जिल्ह्याचा रोजचा इशारा बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. आणि किमान तापमानाचा नकाशा वेगळा असतो, तो चुकवू नका. किनाऱ्यावर माणूस थकतो तो रात्री गार होत नाही म्हणून. मांडव पत्र्याऐवजी झावळ्यांचा घाला आणि वायव्येची बाजू कनात लावून बंद करू नका. दुपारचा वारा तिकडूनच येतो.

बातम्यांत मुंबई ३४ अंश सांगतात आणि आमच्याकडे ४१! एवढा फरक कसा? आमचा तापमापक बिघडला आहे का?
– वाचक, कर्जत

तापमापक भिंतीला टेकलेला किंवा उन्हात नसेल, तर तो खरंच बोलतो आहे.

सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हेच खारे वारे. किनाऱ्यावर ते साधारण ११-१२ वाजता सुरू होतात आणि पारा तिथेच अडतो. तुमच्यापर्यंत ते येईतो दुपार उलटलेली असते, आणि वाटेतल्या तापलेल्या जमिनीवरून आल्याने त्यांचा गारवाही सरलेला असतो.

दुसरं कारण पूर्वेकडच्या वाऱ्याचं. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस तो देशावरून, म्हणजे घाटापलीकडच्या पठारावरून, जोरात वाहतो आणि घाट उतरून खाली येतो. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने तापते. घाटमाथ्यामागचं पठार साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे. तिथली ३८ अंशांची हवा ५०० मीटर उतरली, की पायथ्याशी साधारण ४३ अंशांची होते. ताम्हिणी घाटाखालच्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. समुद्रापासून दूर, तीन बाजूंनी डोंगर, जोडीला पूर्वेचा वारा, असं सगळं तिथे जुळून येतं. महाड, कर्जत आणि बदलापूर या गावांचीही थोड्याफार फरकाने हीच गत आहे.

हाच वारा जोरात असला, की तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो. खारं वारं १२ ऐवजी २ वाजता आलं, तर मुंबईही होरपळते. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले गेले होते. अशा दिवशी कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या आकड्यांतही फरक पडतो, कारण कुलाबा तीन बाजूंनी पाण्यात आहे. म्हणून ‘मुंबईचं तापमान’ वाचताना ते कोणत्या केंद्राचं आहे ते आधी बघावं.

दुपार कशी जाणार याचा अंदाज तुम्हालाही बांधता येतो. गच्चीवर काठीला हलक्या कापडाची पट्टी बांधा आणि सकाळी १० वाजता बघा. पट्टी पश्चिमेकडे फडफडत असेल, म्हणजे वारा पूर्वेचा असेल आणि आभाळ निरभ्र असेल, तर उन्हातली कामं ११ च्या आत उरका.

एक लक्षात असू द्या. किनारी केंद्रावर कमाल तापमान ३७ किंवा त्याहून जास्त गेलं आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक वर असेल, की उष्णतेच्या लाटेचा निकष लागतो. मैदानी भागाला ही पायरी ४० अंशांची आहे. विदर्भातल्या नातेवाइकांना ३७ ची लाट ऐकून नवल वाटेल, पण दमट हवेत ३७ अंश अंगाला फार जड जातात.

नागपूरच्या बहिणीकडे कूलर उत्तम चालतो. आम्ही रत्नागिरीत तोच घेतला, तर खोलीत नुसता चिकचिकाट. काय चुकलं?
– वाचक, रत्नागिरी

कूलरमध्ये दोष नाही, तुमच्याकडची हवा त्याला साथ देत नाही. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. हवेत आधीच दमटपणा भरलेला असेल, तर वाफ होणार कुठून?

घरी एक प्रयोग करून बघा. साध्या तापमापकाच्या फुग्याला पातळ सुती कापड गुंडाळा, खोलीत ठेवलेल्या पाण्यात ते भिजवा आणि पाच मिनिटं पंख्यासमोर धरा. पारा उतरून जिथे थांबेल, ते ओलं तापमान. ४० अंश आणि २५ टक्के आर्द्रता असलेल्या गावी तो सुमारे २४ वर थांबेल. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या रत्नागिरीत तो २८ च्या पुढेच थांबेल. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या तापमानातल्या फरकाचा सुमारे पाऊण भाग कमी करतो. म्हणजे तिकडे १२ अंशांचा आराम, तुमच्याकडे जेमतेम ४ अंशांचा, आणि तोही खोली दमट करून.

घामाचंही असंच आहे. तो सुकला तरच अंग निवतं. टपटप गळून गेलेल्या घामाचा उपयोग नाही. पारा ३४ वर असताना जीव कासावीस होतो तो यामुळेच. कूलर वापरायचाच असेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा आणि पाण्याचा पंप बंद करून त्याचा नुसता पंखा चालवा. मतलई वारे रात्री जमिनीकडून येतात, म्हणून निजताना पूर्वेची खिडकी उघडी हवी. स्लॅबला बाहेरून पांढरा चुना मारला, तर खोलीत फरक जाणवतो.

हापूस लिंबाएवढा झाला आणि उन्हाने गळू लागला. गेल्या वर्षी बऱ्याच फळांत साकाही (आतला गर पांढरट, भुसभुशीत होणं) निघाला. काय करावं?
– बागायतदार, राजापूर

गळीवर पहिला उपाय पाण्याचा. झाडाच्या विस्ताराप्रमाणे १५० ते २०० लिटर पाणी, १५ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्या. ते बुंध्याशी ओतू नका. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकाखाली असतात, तिथे आळं करून द्या आणि वर वाळलेल्या गवताचं आच्छादन घाला. तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं, तर फळ तडकू शकतं.

हेच आच्छादन साक्यासाठीही कामाचं आहे. तापलेल्या कातळाची झळ खालून फळाला लागते आणि आतला गर पांढरट, भुसभुशीत होतो. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून गिऱ्हाइकाकडे गेल्यावर बोल लागतात. फळं अंड्याएवढी झाली, की वर्तमानपत्राच्या २५ बाय २० सेंटिमीटरच्या पिशव्या बांधा. काढणी १४ आण्यांवर, म्हणजे फळ पूर्ण तयार होण्याच्या थोडं आधी करा. १६ आणे होऊ दिलं, की साका वाढतो. सकाळी १० च्या आत किंवा ४ नंतर नूतन झेल्याने (आंबे उतरवायच्या जाळीच्या अवजाराने) देठासकट काढा आणि लगेच सावलीत न्या. क्रेट उन्हात अर्धा तास राहिली, तरी वरच्या फळांवर डाग पडतात.

आमच्या बांधकामावर नवीन मजूर आलेत. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून काय करावं?
– मुकादम, पनवेल

पहिल्या दिवशी त्यांना उन्हात पूर्ण पाळी लावू नका. नेहमीच्या कामाच्या २० टक्के द्या आणि रोज २० टक्क्यांनी वाढवा. शरीराला उन्हाची सवय व्हायला हे दिवस लागतातच, आणि अंगावर येतात ते बहुतेकदा पहिलेच दिवस. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी द्या, तहानेची वाट बघू नका. घाम फार जात असेल, तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवून द्या. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट ओतणं घातक आहे. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून जोरात वारा घाला. मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याला तोंडाने पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं.

वळीव झाला, की पेरायला हरकत नाही ना?
– वाचक, चिपळूण

वळीव म्हणजे मोसमी पाऊस नव्हे. मोसमी पावसाची सरासरी तारीख केरळात १ जून, मुंबईत ११ जून. वळवानंतर चार-आठ दिवस कडक ऊन पडलं, तर रुजलेलं भात जळून जातं. पाण्याची सोय असेल, तर रोपवाटिका टाका. नसेल, तर वळवावर नांगरट करून घ्या आणि बियाणं घरातच ठेवा.