टॉरिड आणि तहान

भाचीचा प्रश्न : भूगोलात टॉरिड झोन म्हणजे उष्ण कटिबंध, मग क्रिकेटच्या बातमीत सलामीवीरांचा 'टॉरिड टाइम' कसा काय?

आधी भूगोल. कर्कवृत्त आणि मकरवृत्त, म्हणजे दोन्हीकडे साधारण २३.५ अंश, यांच्या मधला पट्टा. आपलं जळगाव २१ अंशांवर, तेव्हा आपण त्यात आहोतच. मे महिन्यात ते पुस्तकात बघावं लागत नाही.

टॉरिडचा अर्थ आपण 'जळतं' असा करतो, पण मुळात तो सुकण्याचा शब्द आहे. लॅटिन क्रियापद 'टोर्रेरे', म्हणजे उष्णतेने कोरडं करणं, भाजणं. आई गच्चीवर ओल्या कापडावर ज्वारीचे बिबडे घालते आणि दुपारपर्यंत त्यांच्या कडा वर वळतात, ते टोर्रेरे. टोस्टही ह्याच क्रियापदाचा. टॉरेंटसुद्धा! भाजणारं, मग उकळणारं, मग खळाळत धावणारं पाणी.

खरी गंमत पुढे आहे. लॅटिनच्या आधीचं मूळ 'तेर्स', कोरडं होणं. लॅटिनमध्ये त्यातल्या 'र्स'चा 'र्र' झाला. इंग्रजी 'थर्स्ट'मध्ये स टिकला आणि संस्कृत 'तृष्'मध्ये त्याचा ष झाला. तृष्णा, प्राकृतात तण्हा, मराठीत तहान. म्हणजे टॉरिड आणि तहान ही चुलत भावंडं. (चुलत. 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' असा मेसेज कृपया पुढे ढकलू नये.) नवापूरपलीकडे गुजरातेत गेलात की याच तृष् मधून आलेली 'तरस' लागते. आपल्याकडे मात्र तरस दिसला की पळायचं असतं.

प्रेमप्रकरण टॉरिड असलं तर उत्कट, बेभान. आणि खेळातलं टॉरिड टाइम म्हणजे गोलंदाजांनी जीव नकोसा केला. 'घाम फोडला' हे मराठी चपखल वाटतं खरं, पण मूळ शब्दात ओलावा अजिबात नाही. 'तोंडचं पाणी पळालं' जास्त जवळचं.

उन्हाळ्यासाठी वापरायचा तर आपल्या रणरणत्या, कोरड्या उन्हाला वापर, जिथे घाम येतो न येतो तोच सुकतो. मुंबईच्या चिकट उकाड्याला 'स्वेल्टरिंग' म्हण. त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं 'मरणं' हे क्रियापद आहे, आणि तिथल्या मामाला ते लगेच पटेल.